रात्रीचं अनावर खाणं: दोष घ्रेलिनचा, वाढलेल्या पोटाचा की दिवसभराच्या उपासमारीचा?

खाजणवाट
रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहारसल्ला देणाऱ्यांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "रात्री खाणं आवरत नाही, कुठली हार्मोन टेस्ट करू?" आणि "खाऊन खाऊन पोट मोठं झालंय, ते लहान कसं होईल?" आधी शरीरात काहीतरी बिघडलं आणि मग खाणं सुटलं, असं दोन्हींत गृहीत धरलेलं असतं. मला क्रम उलटा वाटतो. सकाळी चहा-बटर, दुपारी वाडगाभर पेज, मग संध्याकाळभर काही नाही, आणि नवानंतर भात, फरसाण, उरलेले वडे, आंबापोळी, जे हाताला लागेल ते. असा दिवस असेल तर भुकेची हार्मोन्स आपलं काम चोख करतायत असंच म्हणावं लागेल.

इथे बिंज ईटिंग डिसऑर्डरबद्दलच बोलूया. पंगतीत चार वडे जास्त गेले तो विषय नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, हा स्वतंत्र विकार म्हणून आला. साधारण दोन तासांत, त्याच परिस्थितीत इतर लोक खातील त्याहून स्पष्टपणे जास्त खाणं, थांबता न येणं, आठवड्यातून निदान एकदा आणि असं तीन महिने. नंतर उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं हे नेमाने होत नाही. त्याशिवाय पाचातली तीन लक्षणं लागतात: भराभर खाणं, पोट ताणून त्रास होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं, नंतर स्वतःचाच वीट येणं.

जाणकारांना विचारायचंय ते एवढंच: हार्मोनच्या किंवा जठराच्या मोजमापांत असं काही सापडलंय का, ज्यामुळे माझं मत कोसळेल?

गजालीकार
रातचो फ्रीज कुलपात ठेवा, चावी शेजाऱ्याकडे द्या. बसलंय वाचूक.

तिरफळ
पोटाच्या आकारापासून सुरू करतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त भाकडकथा आहेत.

रिकामं जठर जेमतेम ५०-७५ मिली. घास आत यायला लागले की व्हेगस नर्व्हच्या (मेंदू आणि पोट जोडणारी नस) इशाऱ्याने जठराचा वरचा भाग सैलावतो आणि आतला दाब फारसा न वाढता एक-दीड लिटर मावतं. ही सैलावण्याची क्रिया सगळ्यांतच असते, तो रोग नव्हे. "किती मावतं" हे मोजण्याची पद्धत अशी: नळीच्या टोकाला लॅटेक्सचा फुगा, तो जठरात उतरवायचा, थोडं थोडं पाणी भरत जायचं, दाब नोंदवायचा आणि माणूस "आता सहन होत नाही" म्हणाला की थांबायचं. न्यूयॉर्कमध्ये ॲलन गेलिब्टर यांच्या गटाने असे बरेच अभ्यास केले. वारंवार बिंज करणाऱ्यांत ही क्षमता जास्त आढळली. त्याच गटाने लठ्ठ माणसांना चार आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, तेव्हा क्षमता मोजता येण्याइतकी घटली.

म्हणजे क्षमता एका वेळच्या जेवणाच्या आकारामागे जाते, दोन्ही दिशांनी. पोटाच्या घेराचा आणि जठराच्या क्षमतेचा संबंध जोडू नका. बाहेर दिसतं ती चरबी.

अळूचं_फदफदं
मग काम सोपं झालं की. आठवडाभर कडक उपास, जठर आकसलं, विषय संपला.

ओले_काजू
@अळूचं_फदफदं, नेमकं हेच करून लोक अडकतात. त्या अभ्यासात खाणं बाहेरून बांधून दिलं होतं. घरी कडक उपास म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिंज, आणि बिंज म्हणजे पुन्हा एका बैठकीत दोन-तीन जेवणांचा आकार. क्षमता कमी करायची तर प्रत्येक वेळचं जेवण साधारण आकाराचं हवं. एक वेळ शून्य आणि एक वेळ तिप्पट, याची सरासरी जठर काढत नाही.

गजालीकार
एकादशी, दुप्पट खाशी. आमच्या पूर्वजांनी डीएसएमच्या आधीच लिहून ठेवलेला आसा.

कोकमसार
पण घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन. ज्यांना खाणं आवरत नाही त्यांच्यात ते वाढलेलंच असणार ना? मग ते कमी करणारं औषध शोधलं की झालं.

ओले_काजू
तर्क बरोबर, पण मोजल्यावर उलटं निघालं.

घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि जेवणानंतर उतरतं. "नेहमीच्या" हा शब्द अधोरेखित करा, कारण शरीर वेळ शिकतं. रोज रात्री दहाला मोठं खाणं होत असेल तर दहाच्या आधी चढायची सवय त्याला लागते.

लठ्ठ माणसांत उपाशीपोटीचं घ्रेलिन सडपातळ माणसांपेक्षा कमी असतं. २००४ च्या सुमारास बिंज ईटिंग असलेल्या स्त्रियांत मोजलं तेव्हा जेवणाआधीचं घ्रेलिन आणखी कमी निघालं, मात्र जेवणानंतरची उतरणही कमी होती. पहिल्या गोष्टीचा सर्वमान्य अर्थ असा की जास्त खाण्याला शरीराने दिलेला तो प्रतिसाद आहे, म्हणजे परिणाम, कारण नव्हे. दुसरी मात्र महत्त्वाची आहे. उतरणच उथळ असेल तर "पुरे झालं" हे पुसट होतं.

सीसीके, म्हणजे कोलेसिस्टोकायनिन, छोट्या आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की सुटतं. त्याने जठराचं रिकामं होणं मंदावतं, आणि व्हेगसमार्फत ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. बुलिमियात, म्हणजे बिंजनंतर मुद्दाम उलट्या काढणं वगैरे होतं त्या विकारात, जेवणानंतरचं सीसीके कमी चढतं हे १९८८ मध्येच दाखवलं गेलं. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये तसं सातत्याने दिसलेलं नाही. पीवायवाय आणि जीएलपी-१ या आतड्यातल्या तृप्तीच्या हार्मोन्सचंही चित्र संमिश्र. जठर रिकामं होण्याचा वेग बुलिमियात मंदावलेला अनेकदा आढळतो, बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये ठरावीक असं काही नाही. दोन्ही विकारांचे निष्कर्ष एकमेकांना चिकटवू नयेत, अर्धा गोंधळ त्यानेच होतो.

तेव्हा @खाजणवाट, क्रमाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर. पण सगळ्यांचं बिंज उपासमारीतून येत नाही. काहींत बिंज आधी सुरू होतं, डाएट नंतर. आणि "भूक नसताना खाणं" हे निदानाच्या लक्षणांतच आहे. घरातलं भांडण, एकटेपणा, कंटाळा, दारू, यांचा वाटा पेजेच्या माथी मारू नका.

खाजणवाट
@ओले_काजू, मान्य. तरी ज्यांच्या दिवसात सहा-सात तासांची पोकळी आहे त्यांची ती आधी भरावी, मग उरलेल्या बिंजची कारणं शोधावीत, हा क्रम मी सोडणार नाही. पोकळी असेपर्यंत भावनिक भूक कुठली आणि साधी भूक कुठली, हे त्या माणसालाही कळत नाही.

ओले_काजू
या क्रमाला माझा विरोध नाहीच. सीबीटीतही, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या मानसोपचारातही, पहिली पायरी तीच असते.

बंदरकर
टेस्टच्या प्रश्नाला उत्तर: घ्रेलिन, लेप्टिनच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका.

घ्रेलिनचं सक्रिय रूप फार लवकर मोडतं. ईडीटीए नळी, प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं रसायन, लगेच बर्फावर, लगेच सेंट्रिफ्यूज, वर प्लाझ्मा आम्लयुक्त करायचा, एवढं सगळं केलं तर आकडा विश्वासाचा. साध्या नळीत गोळा करून दुपारच्या एसटीने मोठ्या शहरात पाठवलेल्या नमुन्याला अर्थ नाही. नमुना नीट हाताळला तरी एक सुटा आकडा काही सांगत नाही. जेवणाआधी आणि नंतर ठरावीक अंतराने घेतलेल्या आकड्यांची चढउतार लागते. लेप्टिन हे चरबीतून सुटणारं, भूक दाबणारं हार्मोन तर मुख्यतः चरबी किती आहे तेच सांगतं, त्यासाठी वजनकाटा पुरतो.

करायच्या त्या तपासण्या साध्या: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, लिपिड, लिव्हर, बीपी. आणि औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा. ओलान्झापिन, मिर्टाझापिन ही मानसिक आजारांवरची औषधं, आणि स्टिरॉइड यांनी भूक खरोखर वाढते. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर उतरते, घाम, थरथर, आणि मग अर्धं स्वयंपाकघर फस्त. त्याला बिंज म्हणू नका. आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. असं वारंवार होत असेल तर डोस बदलायला डॉक्टरकडे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

सुरंगी
पेजेवर अन्याय होतोय म्हणून लिहिते.

अर्धी वाटी उकडा तांदूळ, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, सात-आठपट पाण्यात शिजवला की मोठा वाडगा भरतो. त्यात १४० किलोकॅलरी आणि तीन ग्रॅम प्रथिनं. वाडगा मोठा म्हणून जठर ताणलं जातं आणि तेवढ्यापुरतं पोट भरतं. पण द्रव आधी निसटतो. घन अन्न जठराच्या खालच्या भागात एक-दोन मिलिमीटरपर्यंत दळलं जाईपर्यंत अडून राहतं, पेजेत दळण्यासारखं फार थोडं असतं. त्यात स्निग्ध काही नाही, प्रथिन नगण्य, म्हणजे सीसीके सुटायला कारणही नाही. दोन तासांत पुन्हा भूक लागली तर तो शरीराचा दोष नव्हे.

पेज सोडायची गरज नाही, तिच्याबरोबर काय आहे ते बघा. एक मध्यम बांगडा (खायचा भाग १०० ग्रॅम) साधारण १९ ग्रॅम प्रथिनं देतो. दोन अंडी १२. ३० ग्रॅम कोरड्या कुळथाची उसळ साडेसहा. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे साडेसात. पेजेसोबत यातलं एक ठोस काहीतरी आणि चमचाभर खोबरेल किंवा तूप घेतलं की तीच पेज साडेतीन तास टिकते. लोणचं हे सोबत धरत नाहीत!

पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक असं देता येतं:

सकाळी साडेसातला दोन-तीन घावन किंवा आंबोळ्या, सोबत दोन अंडी किंवा कुळथाची पिठी. साडेदहाला केळं आणि मूठभर दाणे. सव्वाला दीड-दोन वाट्या भात, मासा किंवा उसळ, भाजी, सोलकढी. पावणेपाचला चहा, सोबत भाजलेले चणे किंवा उकडलेलं रताळं. आठला जेवण. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. या दोन आठवड्यांत वजन कमी करायचं नाही, कुठलाही पदार्थ वर्ज्य करायचा नाही. आदल्या रात्री बिंज झालं तरी सकाळी साडेसातचे घावन खायचेच. इथे सगळे घसरतात. "काल इतकं खाल्लं, आज दुपारपर्यंत काही नको" असं म्हटलं की पुढचं बिंज तिथेच ठरतं.

अळूचं_फदफदं
दिवसातून पाच वेळा खाऊन बारीक होतात हे ऐकायला बरं वाटतं.

सुरंगी
बारीक होतात असं कोण म्हणालं? बिंज कमी होतात. वजन हा वेगळा आणि नंतरचा विषय. बिंज थांबलं म्हणून वजन धाडकन उतरत नाही, हे पहिल्या दिवशीच सांगावं, नाहीतर महिन्याभरात माणूस निराश होऊन सोडून देतो.

माडाखाली
होडीवर जाणाऱ्यांचं काय? पहाटे तीनला उठणं, परतणं कधी तर दहा, कधी दुपार. साडेसात-साडेदहा तिथे बसत नाही.

सुरंगी
घड्याळ उठल्यापासून लावायचं. उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं, मग दर तीन-चार तासांनी. होडीवर नेण्यासारखं: नाचणीची भाकरी आणि सुकी चटणी, उकडलेली अंडी, चणे-दाणे, केळी. नुसती बिस्किटं आणि चहा यावर सहा तास काढले की घरी आल्यावर जेवण आणि बिंज यांत फरक राहत नाही.

तिरफळ
झोपही धरा. २००४ मधल्या एका छोट्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपेच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त, आणि भूक वाढली ती गोड-खारट-पिठूळ पदार्थांची. पहाटेच्या पाळीवाल्यांनी दुपारची झोप ठरवून घ्यावी.

गजालीकार
दुपारची झोप! कोकणात ह्या औषध फुकट मिळता, डॉक्टरान लिहून देवची पण गरज नाय.

कोकमसार
माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. ती आठवड्याला टोचायची इंजेक्शनं जीएलपी-१ वरच चालतात ना? मग बिंजवर तीच का नको?

बंदरकर
भारतात २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी आलं. मौंजारो मधुमेह आणि वजनासाठी, वेगोवी वजनासाठी. बिंज ईटिंगसाठी यांतलं एकही मान्यताप्राप्त नाही. ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ ची नक्कल करतात, पण शरीरातलं जीएलपी-१ काही मिनिटांत मोडतं आणि हे आठवडाभर टिकतं. तेव्हा "कमी पडलेलं भरून काढलं" असं म्हणता येत नाही. जठर रिकामं होणं मंदावतं, भूक दबते. कमी भुकेमुळे दिवसभर काही खाल्लं जात नाही आणि मंद जठरावर रात्री मोठं खाणं पडलं तर मळमळ, उलट्या, छातीशी जळजळ. बिंजचा इतिहास लपवून इंजेक्शन सुरू करणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

अमेरिकेत २०१५ मध्ये लिसडेक्सॅमफेटामिनला या विकारासाठी मान्यता मिळाली, ते मुळात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं औषध. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात मात्र पहिली पायरी मदतीसह स्वयंअभ्यास, मग गटातली आणि नंतर वैयक्तिक सीबीटी. एकटं औषध हा उपचार नव्हे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

माडाखाली
सीबीटी करणारं माणूस तालुक्याला मिळायचं कुठे?

ओले_काजू
सुरुवातीला टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते. "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणून लोक जात नाहीत, त्यांना फोनपासून सुरू करू द्यावं. नोंदवही तोवर घरीच सुरू होते: वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, बिंज वाटलं की नाही, त्याआधी काय घडलं. लिहायचं ते खाल्ल्यावर लगेच, रात्री आठवून नाही. उष्मांक लिहायचे नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच.

अळूचं_फदफदं
अवांतर: जेवणाआधी दोन पेले पाणी प्यायलं की कमी खाल्लं जातं म्हणतात. खरं का?

तिरफळ
थोडंसं, थोडा वेळ. साधं पाणी दहा-वीस मिनिटांत अर्धं जठराबाहेर जातं. बिंजच्या ओढीला पाण्याने अडवायला जाऊ नये, आणि लिटर-लिटर तर अजिबात नाही, सोडियम उतरतं.

यावरूनच मूळ प्रश्नाकडे येतो, कारण @खाजणवाट यांच्या मताला खरा धक्का वेगाचा आहे आणि तो कुणी मांडला नाही.

जठर आतड्याकडे अन्न सोडतं ते साधारण मिनिटाला एक ते चार किलोकॅलरी या गतीने. पंधरा मिनिटांत १५०० किलोकॅलरी खाल्ल्या असं धरा. तेवढ्या वेळात आतड्यापर्यंत पोचल्या फार तर साठ. सीसीके, पीवायवाय, जीएलपी-१ यांनी अजून फारसं काही पाहिलेलंच नाही. ती हार्मोन्स धडधाकट असली तरी बिंज संपेपर्यंत त्यांचा पुरता निरोप पोचत नाही. त्या पंधरा मिनिटांत एकच पहारेकरी जागा असतो, जठराचा ताण. आणि क्षमता वाढलेली असेल तर तो उशिरा ओरडतो.

तेव्हा "हार्मोन्स चोख काम करतायत" हे अर्धंच खरं. ती काम करतात, पण खाणं त्यांच्या पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून वेळापत्रकाबरोबर वेगही बांधावा लागतो. निम्मं ताट वाढायचं, उरलेलं भांडं स्वयंपाकघरात. घास संपेपर्यंत पुढचा हातात घ्यायचा नाही. जेवण वीस मिनिटांच्या आत संपवायचं नाही. फोन बाजूला. काटेरी मासा इथे कामाला येतो, तारली भराभर खाऊन दाखवा!

गजालीकार
फणसाचे गरे पण. आठळी काढूक वेळ लागता.

सुरंगी
बरक्याचे गरे गिळले जातात, कापा चावावा लागतो. कापाच घ्या :)

खाजणवाट
@तिरफळ, हा मुद्दा घेतला. म्हणजे सल्ल्यात दिवसाची पोकळी आणि ताटावरचा वेग, दोन्ही. दुसरा सोडला तर पाच वेळा खाऊनही रात्री आठचं जेवण घसरू शकतं.

बंदरकर
एक धोक्याचं लिहून ठेवतो, दुर्मिळ असलं तरी. मोठ्या बिंजनंतर पोट ढोलासारखं ताणलंय, तीव्र दुखतंय, उलटीची उबळ येते पण काही बाहेर पडत नाही: हे अपचन समजून सोडा-लिंबू देत बसायचं नाही. जठर अतिताणाने रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत जाऊ शकतं. रात्र असली तरी हॉस्पिटल, तिथे नाकातून नळी टाकून रिकामं करतात. उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच दिसली तरी तेच. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलट्या सुरू झाल्या तर निदानच बदलतं, पोटॅशियम तपासावं लागतं.

माडाखाली
शेवटचं विचारतो. गणपतीत नैवेद्य दीड-दोनला होतो, बायका तोवर उपाशी. मग एकविसातले उरलेले मोदक रात्री. त्या दिवसांत वेळापत्रक कसं पाळायचं?

सुरंगी
नैवेद्याआधी न जेवण्याचा नेम असेल तर दूध, केळं, शेंगदाण्याचा लाडू साडेदहाला चालतो का ते घरात आधीच ठरवून घ्या, बहुतेक घरांत चालतो. उपास असेल तर नुसती साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरईचा भात, दाण्याची आमटी, दही. मोदक जेवणाबरोबर पानातच वाढून घ्यायचे, मागाहून डब्यातून उभ्याउभ्या नाही. उरलेले त्याच दुपारी शेजारी वाटून टाका.

गजालीकार
पानात किती ते सांगा.

सुरंगी
तीन. तूप घालून.